गो-कार्टचा सेंट्रिफ्यूगल क्लच गरम झाला की सुटतच नाही: कोणत्या स्प्रिंगा टाकू?

संत्राबाग_कार्ट | शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातला. जुन्या रेसिंग कार्टची चेसिस नागपूरहून सेकंडहँड आणली आणि तिच्यावर आमच्या बागेतल्या एचटीपी फवारणी पंपाचं इंजिन बसवलं. 196 सीसी, साडेसहा एचपी, पेट्रोल. क्लच नेहमीचा ड्रमवाला, 12 दाती, 35 नंबर चेनचा. मागे 36 दातांचं स्प्रॉकेट. गावाबाहेर संत्रा पॅकिंगचं सिमेंटचं आवार आहे. मृग बहाराचा माल निघून गेला की ते पावसाळ्यापर्यंत रिकामं असतं, तिथेच आम्ही चालवतो. चार वळणं, त्यातली दोन अगदी गच्च.

अडचण अशी. इंजिन थंड असताना सगळं ठीक. सहा-सात फेऱ्या झाल्या की ॲक्सिलरेटर सोडला तरी क्लच सुटत नाही. ब्रेक दाबला की इंजिन बंद पडतं. परवा गरम असतानाच दोरी ओढली तर इंजिन सुरू होताक्षणी कार्ट उडी मारून पुढे गेली. माझा चुलतभाऊ समोर उभा होता, नडगीला टायर लागला. थोडक्यात निभावलं, पण त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही.

आतापर्यंत स्प्रिंगा दोनदा बदलल्या. दुसऱ्या वेळी मुद्दाम कडक टाकल्या, म्हणजे शू जोरात मागे ओढले जातील. शू पॉलिश पेपरने घासले. फरक नाही, उलट आता लवकर अडकतो. याहून कडक स्प्रिंगा कुठे मिळतील?

---

लेथवाला_परतवाडा | शनिवार, रात्री 10:15

पोरा, स्प्रिंगाइले हात नोको लावू अजून. पह्यले चिपकते कुठं थे पाहाय.

सोपी गोष्ट हाये. गाडीचे मागचे चाकं ठोकळ्यावर उचलजो. गरम होऊन क्लच अडकला की इंजिन बंद कर अन् स्पार्क प्लगची वायर काढून ठेव. मंग चेन उतरव अन् जाड हातमोजा घालून ड्रम फिरवून पाहाय. इंजिन बंद असलं म्हणजे शू बाहेर फेकणारी ताकद शून्य. तरीबी ड्रम मोकळा फिरत नसंल तर दोष स्प्रिंगचा नाही, कुठंतरी धातूले धातू धरून बसला हाये. अन् इंजिन बंद केल्यावर मोकळा फिरला, पण चालू केल्यावर गाडी सरकते, तर मंग आयडल (रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) नाहीतर स्प्रिंग.

हे दोन वेगळे रोग हायेत. लोक दोन्हीले एकच औषध देतात.

अन् गरम क्लचवर गाडी सुरू करून पाहाचं बंद कर. लहान भाऊ हाये ना थो.

---

लूना_1980पासून | रविवार, सकाळी 6:50

लेथवाले बरोबर सांगतात. मी चाळीस वर्षं लूना आणि नंतर टीव्हीएस एक्सएल वापरली, दोन्हीत हाच सेंट्रिफ्यूगल क्लच. इंजिन फिरलं की शू वजनाने बाहेर जातात, ड्रमला आतून दाबतात, ड्रम फिरतो. फेरे कमी झाले की स्प्रिंग त्यांना परत ओढते. यापलीकडे त्यात काही नाही, म्हणून बिघाडही मोजकेच असतात.

एक विचारतो. ड्रमच्या आत तेल गेलं आहे का? माझ्या लूनात एकदा सील गळून तेल शूवर आलं, वर धूळ बसली आणि काळा चिकट थर तयार झाला. थंडीत सकाळी तो शूला ड्रमशी चिकटवून ठेवायचा. उघडशील तेव्हा फुंकर मारून भुकटी उडवू नकोस आणि हवेचा पाइपही लावू नकोस. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस.

---

ग्रासकटर_काटोल | रविवार, सकाळी 8:05

भाऊ, माझ्याकडे सोयाबीनच्या हंगामात रोज तीन-चार ब्रश कटर दुरुस्तीला येतात. त्यांतही हाच क्लच, फक्त छोटा. दहातल्या सहा जणांची तक्रार एकच: "रेस सोडली तरी पातं फिरतंच." बहुतेकांत दोष कार्बोरेटरच्या आयडल स्क्रूचा निघतो. इंजिन बंद पडू नये म्हणून कोणीतरी तो पिळून ठेवलेला असतो.

तुझं इंजिन एचटीपीचं आहे. पंपावर क्लच नसतो, पट्टा थेट असतो, त्यामुळे तिथे आयडल जास्त ठेवली तरी कोणाला त्रास होत नाही. कार्टला होतो. या प्रकारच्या इंजिनाची आयडल 1400 आरपीएमच्या आसपास हवी, आणि तुझा क्लच 1800 ते 2200 च्या दरम्यान पकडायला लागत असणार. कानावर भरवसा ठेवू नको. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो लाव.

---

संत्राबाग_कार्ट | रविवार, रात्री 8:30

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलं, मनापासून आभार.

टॅकोमीटर मित्राकडून आणला. आयडल 2100 निघाली! 1450 वर आणली. आता थंड असताना ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी जागची हलत नाही, आधी किंचित सरकायची. म्हणजे काटोलच्या भाऊंचं निदान खरं होतं.

पण पूर्ण खरं नाही. संध्याकाळी आठ फेऱ्या मारल्या आणि परत तेच. लेथवाले काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. इंजिन बंद, प्लगची वायर बाहेर, चेन उतरवलेली. ड्रम हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा क्रँकसकट फिरला. जवळच बसून वाट पाहिली. पंचवीस मिनिटांनी आपोआप सुटला आणि एका बोटाने फिरायला लागला.

---

लेथवाला_परतवाडा | रविवार, रात्री 9:00

मंग बुश. शंभर टक्के बुश.

ड्रम शाफ्टवरच्या हबवर थेट फिरत नाही, मधात पितळी रंगाचा बुश असते. थो तेल पिलेला असते. क्लच लय तापला की तेल जळून जाते, मंग बुश फुगते अन् हबले धरते. थंडा झाला की सोडते. तुह्या पंचवीस मिनिटाचा अर्थ हाच हाये.

आता उघड. शाफ्टच्या टोकाचा बोल्ट काढ अन् वायसर कोणत्या क्रमानं निघतात त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. क्लच हातानं निघत नसंल तर हातोडी नोको मारू, क्रँकचा बेअरिंग जाते. दोन पायाचा पुलर लाव. शाफ्टवरची चावी सांभाळ. तिच्या कडेले बोंड आलं असंल तर बारीक कानसीनं काढून टाकजो.

शाफ्ट किती मिमी हाये थेबी मोज. काही इंजिनाले पाऊण इंच म्हणजे 19.05 असते, काहीले 20. पाऊण इंचाचा क्लच कोणी 20 चा करून वाकडा बोअर मारला असंल तर बुश कितीबी बदल, टिकनार नाही.

---

संत्राबाग_कार्ट | सोमवार, रात्री 10:20

उघडलं. शाफ्ट 19.05 आहे, बोअर मूळचाच आहे, तिथे कोणी हात लावलेला नाही. बाकी एकेक सांगतो.

बुश आतून ओरखडलेला. त्याचं पितळ हबवर पट्ट्यापट्ट्यांनी चोपडल्यासारखं चिकटलं आहे. तेलाचा थेंब नाही. ड्रम बाहेरून निळा पडला आहे, कडेला जांभळट. शूवर तेल नाही (लूनावाल्या काकांसाठी), पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला आहे. टोकाच्या बोल्टखाली मी जो जाड वायसर टाकला होता त्याने ड्रम आडवा दाबून ठेवला होता, ड्रमला बाजूने हलायला जागाच नव्हती. ही चूक माझ्या हातची.

आणि चेन फार ताठ होती. मी ती अर्धा इंच लोंबेल अशी लावली होती, तरी फिरवताना एका जागी ताठ, एका जागी सैल होते. चेन नवीन आहे. दुकानदाराकडे 35 नंबर नव्हती, त्याने "पिच तीच आहे" म्हणून 06बी दिली (पिच म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर).

---

लेथवाला_परतवाडा | सोमवार, रात्री 10:45

चेन बदल. पिच दोन्हीची 9.525 मिमी हाये, दुकानदार खोटं नाही बोलला. पण 35 नंबरले रोलर नसते, आतला बुशच दातावर बसते, 5.08 मिमीचा. 06बी ले रोलर असते 6.35 चा. थो 35 च्या दाताच्या खोबणीत तळाले टेकत नाही, वरच राह्यते. म्हणून ताठ-सैल होते, अन् प्रत्येक धक्का क्लचच्या त्याच बुशवर येते. दोन चेना शेजारी शेजारी ठेवून पाहाय, रुंदीबी वेगळी दिसंल.

वायसर पातळ टाक. बोल्ट पूर्ण कसल्यावर ड्रम आडवा अर्धा-पाऊण मिमी हलला पाह्यजे. फिलर गेज घालून पाहाय.

---

यवतमाळ_मेकॅनिकल | सोमवार, रात्री 11:30

मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन डिझाइन शिकवते. वर सांगितलेलं सगळं करच. पण माझं मन एका प्रश्नावर अडलं आहे: ड्रम निळा का पडला?

पोलाद निळं पडतं ते साधारण 300 अंशांच्या आसपास. वायसरच्या घर्षणाने किंवा कोरड्या बुशने अख्खा ड्रम इतका तापणार नाही. ही उष्णता शू घसरल्याची आहे, आणि बुश तिच्यामुळे मेला आहे. नवा बुश टाकलास आणि उष्णतेचं कारण तसंच ठेवलंस तर महिन्याभरात तू परत इथे येशील.

तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहेस: पुढे 12 दात, मागे 36. म्हणजे गिअर रेशो 3. मागचा टायर 11 इंची असेल तर त्याचा एक फेरा साधारण 88 सेंमीचा. आता हिशोब कर. क्लच 2000 ला पकडायला लागतो आणि 2400 च्या आसपास पूर्ण पकडतो असं धरू. 2400 भागिले 3, म्हणजे ॲक्सलचे मिनिटाला 800 फेरे. गुणिले 0.88 मीटर. ताशी 42 किमी.

म्हणजे तुझी कार्ट 42 चा वेग गाठेपर्यंत क्लच घसरतच राहतो. गच्च वळणावर तुझा वेग किती असतो? 15, फार तर 20?

---

संत्राबाग_कार्ट | मंगळवार, सकाळी 6:15

ताई, टायर 11 इंचीच आहे. वळणावर 15 च्या आसपासच असेल. आणि सरळ पट्टा जेमतेम 45 मीटरचा आहे, तिथे 42 गाठतो की नाही याचीच आता शंका वाटते. म्हणजे क्लच कधीच पूर्ण पकडत नव्हता?

---

यवतमाळ_मेकॅनिकल | मंगळवार, सकाळी 7:40

मूळ स्प्रिंगांवर कधी कधी पकडत असेल. कडक टाकल्यावर जवळजवळ कधीच नाही.

शू बाहेर फेकणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. 1400 वरून 2000 वर गेलास की आरपीएम दीडपटही होत नाही, पण बल दुप्पट होतं. स्प्रिंग कडक केली की तिला हरवायला इंजिनाला आणखी वर जावं लागतं. समज, तुझ्या कडक स्प्रिंगांनी पूर्ण पकड 3000 वर नेली. रेशो 3 वर ते होतात ताशी 53 किमी. इंजिनाचा गव्हर्नर 3600 ला अडवतो, तेव्हा कार्टचा सर्वाधिक वेगच 63. तुझ्या आवारात 53 शक्य नाही. क्लच सुटावा म्हणून तू जे केलंस त्यानेच तो जास्त तापला. "आता लवकर अडकतो" असं तूच लिहिलं होतंस.

उष्णता किती, तेही सांगते. इंजिन 2400 ला फिरतंय, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 10 न्यूटन मीटर धर. 15 किमी वेगाला ड्रम फिरतो साधारण 850 ने. फरक 1550 आरपीएम. टॉर्क गुणिले हा फरक केला की सुमारे 1600 वॅट येतात. बादलीत पाणी तापवायचा रॉड दीड हजार वॅटचा असतो. त्याहून जास्त उष्णता तळहाताएवढ्या ड्रममध्ये, प्रत्येक वळणानंतर, आणि वर आपलं 45 अंशांचं ऊन.

उपाय: मागचं स्प्रॉकेट मोठं कर. 60 दात लावलेस तर रेशो 5. पूर्ण पकड ताशी 25 वर येते. चाकावरचा जोर पाच-तृतीयांश पट वाढतो आणि गाठायचा वेग तीन-पंचमांश होतो. म्हणजे जागेवरून निघताना घसरण्याचा काळ पूर्वीच्या 36 टक्के, आणि उष्णताही त्याच प्रमाणात. सर्वाधिक वेग 38 वर येईल. 45 मीटरच्या पट्ट्याला तो पुरतो.

---

पुणे_ट्रॅकवाला | मंगळवार, दुपारी 1:10

ताईंच्या हिशोबाला विरोध नाही, पण एक बाजू मांडतो. रेसिंगमध्ये क्लच उंच आरपीएमलाच पकडायला लावतात. इंजिनाचा टॉर्क जिथे चांगला, तिथे पकड बसली तर निघताना गाडी झेपावते. कडक स्प्रिंग ही सरसकट चूक नाही.

---

यवतमाळ_मेकॅनिकल | मंगळवार, दुपारी 4:25

मान्य. पण ती इंजिनं बरीच वरपर्यंत फिरतात, आणि तिथे स्प्रॉकेट त्या ट्रॅकच्या सर्वांत हळू वळणाकडे पाहून निवडतात. निघताना एकदा दोन-तीन सेकंद क्लच घसरतो, मग शर्यतभर पकडलेला राहतो. या इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क 2500 च्या आसपासच आहे आणि 3600 ला गव्हर्नर आहे. मूळ स्प्रिंगा नेमक्या याच इंजिनासाठी आहेत. त्याच परत टाक.

---

पुणे_ट्रॅकवाला | मंगळवार, संध्या. 5:00

हे पटलं. वळणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

लूना_1980पासून | मंगळवार, संध्या. 7:30

मुला, या सगळ्या आकड्यांनी घाबरू नकोस. 1956 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पहिली गो-कार्ट बांधली तीही गवत कापायच्या मशीनच्या इंजिनावर. तुमच्या वरूडला संत्र्यांमुळे विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि तू फवारणीच्या इंजिनावर बांधतो आहेस. मला फार आनंद वाटला वाचून.

स्प्रिंगा पूर्ण संचच टाक, एक जुनी एक नवी नको. एक शू आधी सुटतो आणि दुसरा घासत राहतो.

---

संत्राबाग_कार्ट | बुधवार, रात्री 9:10

काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली.

आता अडचण स्प्रॉकेटची. 35 नंबरचं 60 दाती वरूड-मोर्शीत कोणाकडे नाही.

---

लेथवाला_परतवाडा | बुधवार, रात्री 9:35

इकडे ये. मी काढून देतो. 60 दाताचा पिच व्यास 182 मिमी येते, दातासकट 187.5. दाताची जाडी 4.3 ठेवा लागते, 5 ची प्लेट घेऊन फेस मारीन. जुनं 36 वालं सोबत आनजो, भोकं त्याच्यावरून मारतो. कार्टचा मागचा टायर 11 इंचाचा, म्हणून स्प्रॉकेट जमिनीपासून साडेचार सेंमी वर राहीन. आवारात सिमेंटचा सांधा वर आला असंल तर आधी थो पाहून ठेव.

बुशबी मीच बसवून देतो. हबवर चिकटलेलं पितळ मातर तू घरी काढू नोको, पॉलिश पेपरनं हब अंडाकृती होते.

---

संत्राबाग_कार्ट | पुढचा रविवार, रात्री 8:50

शुक्रवारी परतवाड्याला जाऊन आलो. काकांनी समोर बसवून सगळं केलं आणि मजुरी घ्यायला तयार होईनात. शेवटी प्लेटचे पैसे तेवढे घेतले. सध्या बागेत तयार फळ नाही, आंबिया बहाराची संत्री निघाली की पेटी घेऊन येणार, काका, तेव्हा नाही म्हणू नका.

आज काय काय बसवलं: नवा ड्रम, नवा बुश, साफ केलेला हब, मूळ स्प्रिंगांचा पूर्ण संच, नवे शू (जुन्यांची चकाकी घासूनही जाईना), 60 दाती स्प्रॉकेट, खरी 35 नंबर चेन. पातळ वायसर टाकल्यावर ड्रम आडवा 0.6 मिमी हलतो. आयडल 1450. स्टिअरिंगवर लाल किल स्विच लावला आणि दोरी ओढताना मागची चाकं ठोकळ्यावर असल्याशिवाय हात लावायचा नाही असं दोघा भावांनी ठरवलं.

सकाळी आठला वीस फेऱ्या मारल्या. नंतर इंजिन बंद, वायर बाहेर, चेन उतरवली. ड्रम गरम होता, पण बोटाने फिरला. संध्याकाळी परत वीस. फिरला. वळणातून निघताना कार्ट आता अशी खेचते की चुलतभाऊ म्हणतो हे इंजिन वेगळंच आहे. नव्या शूंचा थोडा वास पहिल्या पाच फेऱ्यांत आला, नंतर गेला.

जुना ड्रम टाकून द्यावा का? त्याचा निळा रंग घासून काढला तर चालेल?

---

यवतमाळ_मेकॅनिकल | पुढचा रविवार, रात्री 9:30

फार बरं वाटलं वाचून. रंग घासलास तरी झालेला ताप निघत नाही. आतला व्यास चार ठिकाणी मोज. गोलाई बिघडली असेल किंवा बारीक तडे दिसले तर टाकून दे. नाहीतर खूण करून जादा म्हणून ठेव.

---

ग्रासकटर_काटोल | पुढचा रविवार, रात्री 9:45

बुशला तेल कधी घालणार ते लिहिलं नाहीस.

---

संत्राबाग_कार्ट | पुढचा रविवार, रात्री 10:00

दर दिवशी चालवून झाल्यावर, क्लच कोमट असताना, ड्रम आणि हबच्या मधल्या फटीत इंजिन ऑइलचे दोन थेंब. सिरिंजने. मग हाताने दहा-बारा फेरे फिरवून बाहेर आलेलं पुसून घेतो, म्हणजे शूवर उडणार नाही. वही केली आहे, आजची नोंद टाकली.

---

लेथवाला_परतवाडा | पुढचा रविवार, रात्री 10:10

दोनच थेंब. तिसरा नोको.